अल्कोहोलच्या तीन रेषा आणि श्वासातला झेनॉन

कळव्याची मुले पारसिकच्या डोंगरावर चढली की धापा टाकतात. वर्गात आपण सांगतो, हवा वायुकोशात जाते आणि ऑक्सिजन रक्तात उतरतो. पण वायुकोशाभोवती रक्त वाहत असले पाहिजे, ही अट सांगायची राहून जाते. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर हवा आत येते, पण ऑक्सिजन घ्यायला रक्तच नसते. रोग्याला दम लागतो आणि छातीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ दिसतो.

हे रक्त पाहण्याच्या एका नव्या पद्धतीचे मूळ १९५१ सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोल चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे रेडिओसंकेत नोंदले. एक रेषा येण्याऐवजी तीन आल्या, ३:२:१ या प्रमाणात. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे अणू नेमके तसेच बसलेले असतात! अणू तोच, पण शेजार बदलला की त्याचा सूर किंचित बदलतो. एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचे संशोधन त्यांनी तिथे उभे केले. रेणूचे सूत्र फळ्यावर लिहून या रेषा काढून दाखवल्या तर नववी-दहावीच्या मुलांनाही हे सहज समजते.

नेहमीचा एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतो. फुप्फुसात बहुतेक हवाच, म्हणून तिथे चित्र काळे येते. मग श्वासाबरोबर झेनॉन वायू दिला तर? अडचण अशी की साध्या झेनॉनचा संकेत फारच क्षीण असतो. लेसर आणि रुबिडियमची वाफ वापरून त्याची अणुकेंद्रके एका दिशेला वळवली की तो हजारो पटींनी वाढतो. १९९४ साली आल्बर्ट, हॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा झेनॉनने उंदराच्या फुप्फुसाचे पहिले चित्र घेतले.

झेनॉन रक्तात थोडासा विरघळतो, आणि इथे अल्कोहोलचाच धडा कामी येतो. वायुकोशातल्या झेनॉनचा सूर एक, पातळ पडद्यातल्याचा सुमारे १९७ दशलक्षांशाने वेगळा, तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनच्या शेजारी बसलेल्याचा सुमारे २१७ने. पहिले दोन सूर ठीक आणि तिसराच मंद, तर संशय रक्ताकडे जातो. शिवाय तांबड्या पेशींचा सूर हृदयाच्या ठोक्यांबरोबर हेलकावतो. रक्तवाहिन्यांच्या काही विकारांत ते हेलकावे कमी होतात. म्हणजे दहा-पंधरा सेकंद रोखलेल्या श्वासात रक्तप्रवाहाची खूण मिळते, किरणोत्सर्गाशिवाय.

कोविडनंतर दम लागणाऱ्या काही रुग्णांचे सीटी स्कॅन जवळजवळ निर्दोष होते. त्यांच्या फुप्फुसात वायू रक्तात नीट उतरत नसल्याचे ऑक्सफर्डच्या डॉक्टरांना २०२१ साली याच पद्धतीने दिसले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झेनॉनला मान्यता दिली. ती मात्र हवा कुठवर पोचते, एवढेच पाहण्यासाठी.