हार-तुऱ्यापासून बुकेपर्यंत

मंडळी, कंपन्या पाव्हण्यांना बुके देतात, ही रीत सायबानं आणली असं समजू नका. आपल्याकडं दरबार उठताना अत्तर-गुलाब आणि पानविडा देऊनच निरोप द्यायचे. पुढं 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार वाढला. पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे अजून निघतात. तिथंबी हार लागतोच. व्यापारी-अडत्याचं नातं त्यातनंच तर टिकतं.

पण तो हार झेंडू, निशिगंधाचा. जरबेरा, कार्नेशन आलं 1991 नंतर. शिरोळ तालुक्यात कोंडिग्र्याच्या माळावर हरितगृहं उभी राहिली. 2005-06 ला राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झालं, अनुदान मिळालं, मग आमच्यासारख्यांनीबी दहा गुंठ्यांचं धाडस केलं.

आता खरी गोम सांगतो. झेंडूला कंपनीनं नाकारलं तरी अंबाबाई हाय. जरबेऱ्याला वास नाही, तो हारात ओवत नाहीत. त्याला बुके आणि सजावट, एवढीच दोन गिऱ्हाईकं. आणि मागणी नाही म्हणून फूल झाडावर ठेवता येत नाही, तोडावंच लागतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तोडून बांधावर टाकलेलं सगळ्यांनी बघितलंय.

2017 ला केंद्राच्या गृह खात्यानं राज्यांना कळवलं, पंतप्रधानांना दौऱ्यात बुके देऊ नका. फार तर एक फूल, सोबत खादीचा रुमाल नाहीतर पुस्तक. पुस्तकाला माझी ना नाही. पण काही ठिकाणी स्वागताला तीच ती प्लास्टिकची फुलं धूळ झटकून परत काढतात, ते डोळ्यांना बघवत नाही.

तुमच्या भागात कंपन्यांची मागणी कशी हाय, लिहा.