सोडचिठ्ठी, हुकूमनामा आणि धर्मन्यायालय

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला दख्खनच्या मुलखात न्यायनिवाडे करायचे होते. पण इथल्या जातीजातींत लग्नाचे, वारशाचे, काडीमोडीचे काय रिवाज आहेत याची साहेबाला कल्पना नव्हती. मग ते गोळा करण्याचे काम निघाले आणि १८२७ साली आर्थर स्टील याचा जातींच्या रूढी-कायद्यांवरचा ग्रंथ छापला गेला. आज तो चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा नजरेत भरते. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या मोजक्या जाती सोडल्या, तर बाकी समाजात लग्न मोडण्याची आणि पुन्हा लावण्याची वाट होती. नवऱ्याने सोडचिठ्ठी द्यायची, काडी मोडायची, पंचांनी ती मानायची. मग बाईने दुसऱ्याशी पाट लावायचा. पाटाच्या लग्नाला पहिल्या लग्नाचा मान नसे, थाटमाट नसे, पण ते लग्नच असे. त्यातली मुले घरची मुले असत.

हे सांगण्याचे कारण असे, की आमच्या नगर जिल्ह्यात ज्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म घेतला ते बहुतांशी महार आणि मांग समाजातले होते, म्हणजे ही वाट ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती असे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आले. ते प्रॉटेस्टंट. कॅथलिक जेझुइट, त्यांतले बरेच जर्मन आणि स्विस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहुरी-संगमनेरकडच्या खेड्यांत पोहोचले. बाप्तिस्म्याने या माणसांना काय मिळाले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे: शाळा, दवाखाना, नाव, मान. लग्नाच्या बाबतीत त्यांच्या हातून काय गेले, याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. कॅथलिक झालेल्या माणसाची सोडचिठ्ठी गेली.

कॅथलिक धर्मसभेच्या लेखी विवाह तुटत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या दोघांचा, एकत्र नांदून पूर्ण झालेला विवाह मृत्यूशिवाय कशानेही संपत नाही. बाप्तिस्म्याआधी हिंदू रिवाजाने झालेले लग्नही ती खरे लग्न मानते. नवरा-बायको दोघांनी दीक्षा घेतली, की तेच लग्न आपोआप संस्कार बनते, पुन्हा लावावे लागत नाही. यातून एक पेच उभा राहतो. एखादी बाई सोडचिठ्ठी घेऊन पाटाने नांदत असेल, तर गावाच्या हिशेबाने ती दुसऱ्याची बायको. धर्मसभेच्या हिशेबाने पंचांना लग्न मोडण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून ती अजून पहिल्याचीच. अशा गुंत्यांसाठी रोमला सोळाव्या शतकातच सवलती काढाव्या लागल्या होत्या. १५३७, १५७१ आणि १५८५ या तीन सालांची पोपची तीन फर्माने त्यासाठी आहेत, आणि ती अमेरिका, आफ्रिका, आशियातल्या नवदीक्षितांसाठीच निघाली होती.

त्याहून जुनी सवलत संत पौलाच्या नावाने ओळखली जाते. नवरा-बायकोपैकी एकानेच दीक्षा घेतली आणि दुसरे नांदायला तयार नसेल, तर दीक्षा घेतलेल्याला नवा विवाह करता येतो. त्याआधी मागे राहिलेल्या जोडीदाराला दोन प्रश्न विचारायचे: तुला बाप्तिस्मा हवा आहे का? नसेल, तर निदान देवाचा अवमान न करता शांतपणे याच्यासोबत नांदशील का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तरी पहिले लग्न त्या क्षणी सुटत नाही. नवे लग्न लागते त्या क्षणी ते सुटते.

इंग्रज सरकारने १८६६ साली, हेन्री मेन कायदामंत्री असताना, नवख्रिस्त्यांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला. त्याची रचना वाचली की हे दोन प्रश्न आठवल्याशिवाय राहत नाहीत. धर्मांतरामुळे जोडीदार सलग सहा महिने सोडून राहिला, तर नवख्रिस्त्याने न्यायालयात जायचे. न्यायाधीशाने दुसऱ्याला बोलावून विचारायचे. नकार आला तर प्रकरण एक वर्ष थांबवायचे, मधे दोघांची भेट घडवायची. वर्षानंतरही नकार असला तर विवाह संपला. याच कायद्यात शेवटी एक कलम आहे: रोमन कॅथलिक नवख्रिस्त्याचा विवाह त्याच्या धर्मसभेच्या नियमांनी आणि विधींनी झाला असेल, तर या कायद्यामुळे तो अवैध ठरणार नाही. म्हणजे कॅथलिकांना सरकारने वेगळी खिडकी ठेवली. पुढच्या दीडशे वर्षांचा गोंधळ या छोट्या खिडकीतून दिसतो, असे माझे मत आहे.

(नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना सांगायला नको. १८६६ चा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. टिळकांनी तो वापरला नाही. ते वाट पाहत राहिले. ते प्रॉटेस्टंट होते, त्यामुळे पौलाच्या सवलतीची रोमन व्यवस्थाही त्यांना लागू नव्हती. मराठी साहित्याचे यात केवढे भले झाले!)

आता दुसरा धागा. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे शंभू रघू याचा खटला आला. जातीने परवानगी दिली म्हणून पहिला नवरा हयात असताना एका बाईचे दुसरे लग्न लागले होते. न्यायालयाने स्पष्ट केले, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. पंचांची परवानगी फौजदारीत ढाल होत नाही. नवऱ्याने स्वतः दिलेली सोडचिठ्ठी जिथे रूढ होती तिथे ती पुढेही चालली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला. म्हणजे ज्या समाजांतून आमचे कॅथलिक आले, त्या समाजांतल्या हिंदू राहिलेल्या भाऊबंदांकडे आजही कायद्याने मान्य अशी रूढीची वाट आहे.

ख्रिस्त्यांसाठी होता १८६९ चा घटस्फोट कायदा, इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावरून बेतलेला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार चालत नसे. त्याला क्रौर्याची किंवा दोन वर्षे टाकून दिल्याची, अशी काहीतरी जोड द्यावी लागे. नुसता मारहाण करणारा नवरा सोडण्यासाठी हा कायदा उपयोगाचा नव्हता. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला, तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय तो पक्का होत नसे. परस्परसंमतीची तर सोयच नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षे हे असेच चालले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बायकांवर अन्याय करणारा भाग घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. क्रौर्य, परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली, संमतीने घटस्फोटही आला.

एवढी वर्षे कॅथलिक बाई काय करत होती? एक तर सोसत होती. नाही तर धर्मन्यायालयाकडे जात होती. तिथून मिळणाऱ्या निकालाला आमच्याकडे सरसकट ‘चर्चची सोडचिठ्ठी’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

शहरातले लोक ज्याला ॲनलमेंट म्हणतात तो घटस्फोट नव्हे. सरकारी न्यायालय विचारते, हे लग्न मोडले आहे का? धर्मन्यायालय विचारते, हे लग्न लागले होते का? चर्चमध्ये दोघांनी ‘होय’ म्हटले त्या दिवशी त्या ‘होय’मध्ये काही मूलभूत खोट होती का, एवढेच तिथे तपासतात. धाकदपटशाने होकार घेतला होता का. मुले नकोतच किंवा निष्ठा पाळायचीच नाही असे मनात धरून कोणी उभे होते का. लग्नाची जबाबदारी समजण्याची किंवा पेलण्याची मानसिक क्षमता होती का. १९८३ च्या धर्मसंहितेतले १०९५ क्रमांकाचे कलम या शेवटच्या कारणाचे आहे, आणि दारूचे गंभीर व्यसन, मनोविकार यांची प्रकरणे त्याखाली येतात. लग्नानंतर दहा वर्षांनी नवरा बिघडला, एवढ्यावर तिथे काही मिळत नाही. तो बिघाड लग्नाच्या दिवशी बीजरूपाने होता, हे दाखवावे लागते.

म्हणून तिथले साक्षीदारही वेगळे. सरकारी खटल्यात भांडण पाहिलेला शेजारी कामाचा. इथे लग्नाआधीपासून ओळखणारी मावशी, मित्र, धाकटा भाऊ. अर्ज कुठे करायचा, तर लग्न जिथे लागले त्या धर्मप्रांतात, किंवा दोघांपैकी कोणीही राहते तिथे, किंवा बहुतेक पुरावा जिथे मिळेल तिथे. नगर जिल्हा आधी पुणे धर्मप्रांतात होता, १९८७ पासून तो नाशिकमध्ये आहे. खर्ड्याहून नाशिक म्हणजे नगर ओलांडून पुन्हा तेवढेच आणि वर आणखी. कागदावर ‘जवळचे’ असलेले न्यायालय जामखेड तालुक्यातल्या मजूर बाईला किती जवळ असते, ते ज्याचे त्याने मोजावे.

या न्यायालयातली एक भूमिका मला फार वेधक वाटते. विवाहबंधनाचा रक्षक म्हणून एक अधिकारी असतो. लग्न खरेच लागले होते, या बाजूने जे जे म्हणता येईल ते मांडायचे, हे त्याचे काम. नवरा-बायको दोघांनाही सुटका हवी असली, तरी लग्नाच्या बाजूने बोलणारा कोणीतरी हजर असतोच. हे पद चौदाव्या बेनेडिक्ट पोपने १७४१ साली निर्माण केले, कारण काही देशांत असे निकाल फार स्वस्त झाले होते. त्याच फर्मानाने दुसरी अटही आली: लग्न शून्य ठरवणारे एकसारखे दोन निकाल लागल्याशिवाय पुन्हा लग्न नाही. ही दोन निकालांची अट पावणेतीनशे वर्षे टिकली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ती काढली. त्या वर्षीच्या ८ डिसेंबरपासून एक निकाल पुरतो, दोघांची संमती आणि ढळढळीत पुरावा असेल तर स्वतः बिशपना थोडक्या वेळात निकाल देता येतो, आणि शक्य तिथे हे काम विनाशुल्क व्हावे असेही त्यांनी म्हटले.

निकाल शून्यतेचा आला, तर मुले अनौरस ठरतात, ही भीती बायकांना अर्ज करण्यापासून सर्वांत जास्त रोखते. ती निराधार आहे. निदान एकाने तरी चांगल्या भावनेने केलेल्या अशा विवाहातली मुले औरसच, असे संहिता सांगते. दुसरा गैरसमज याच्या उलट दिशेचा. सरकारी घटस्फोट झाला की बाईला कम्युनियन बंद, असे खेड्यात सांगितले जाते. तसा नियम नाही. घटस्फोट होऊन एकटी राहणारी व्यक्ती संस्कारांपासून तोडली जात नाही. अडचण येते ती पहिला विवाह धर्मसभेच्या दृष्टीने उभा असताना दुसरा केला तर.

आणि आता या दोन धाग्यांची गाठ. केरळातल्या एका बाईचा पहिला विवाह धर्मन्यायालयाने शून्य ठरवला. तिने त्या निकालावर दुसरे लग्न केले. पुढे दुसऱ्या नवऱ्यानेच ते लग्न अवैध ठरवून मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ साली निकाल लागला: १८६९ च्या कायद्यानुसार विवाह रद्द करण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार सरकारी न्यायालयांनाच आहे, धर्मन्यायालयाच्या निकालाला कायद्यात स्थान नाही, पहिला नवरा कायद्याने नवराच होता, म्हणून दुसरे लग्न अवैध. शंभू रघूच्या खटल्यात जातपंचायतीला जे उत्तर मिळाले होते, तेच एकशेवीस वर्षांनी धर्मसभेला मिळाले. दोन्ही वेळा तत्त्व बरोबरच होते, असे मला वाटते. पंचांच्या हाती लग्नाचा कायदा देऊ नये. पण दोन्ही वेळा अधिकृत न्यायालयाचे दार बाईसाठी जवळजवळ बंदच होते, आणि बंद दाराची किंमत मोजली ती तिने, पंचांनी किंवा धर्मगुरूंनी नव्हे.

पुढे कर्नाटकातले ज्येष्ठ वकील क्लॅरेन्स पैस यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुसलमानांचा तलाक न्यायालये मानतात, तर कॅथलिक धर्मन्यायालयाचा निकाल का नाही, असा त्यांचा सवाल होता. धर्मसभेच्या निकालावर दुसरे लग्न केलेल्यांवर द्विभार्या-द्विपतीचे खटले भरले जातात, ही त्यामागची काळजी. जानेवारी २०१७ मध्ये याचिका फेटाळली गेली: संसदेचा कायदा असताना धर्मसंहिता त्याच्यावर जाऊ शकत नाही.

गोव्यात मात्र याच्या उलट इतिहास घडला. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले तेव्हा १९१० साली त्याने घटस्फोटाचा कायदा केला आणि तो गोव्यातही आला. मग सालाझारच्या सरकारने १९४० साली व्हॅटिकनशी करार केला, त्यावरून २२ जानेवारी १९४६ चे फर्मान निघाले: चर्चमध्ये लग्न करणाऱ्याने सरकारी घटस्फोटाचा हक्क सोडला असे समजायचे, आणि असे लग्न शून्य ठरवण्याचा अधिकार धर्मन्यायालयाचा, तिथला निकाल उच्च न्यायालयाने अंमलात आणायचा. पोर्तुगालने स्वतः १९७५ साली हा करार बदलून कॅथलिकांना घटस्फोट खुला केला. पण गोवा तोवर तेरा वर्षांहून अधिक काळ भारतात होता आणि १९६२ च्या भारतीय कायद्याने तिथे जुने पोर्तुगीज कायदे जसेच्या तसे राखले होते. त्यामुळे लिस्बनमधली कॅथलिक बाई मोकळी झाली आणि मडगावची त्याच फर्मानात राहिली. त्यानंतर गोव्यातल्या न्यायालयांत या कलमांचे जे झाले तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रात, वसईत काय आणि हरेगावात काय, दोन्ही कागद लागतात. सरकारी हुकूमनामा नसताना केलेले दुसरे लग्न हा गुन्हा. जुन्या दंडसंहितेचे कलम ४९४, आता न्यायसंहितेचे ८२, शिक्षा सात वर्षांपर्यंत. धर्मन्यायालयाचा निकाल नसेल तर चर्चमध्ये लग्न नाही. बहुतेक धर्मन्यायालये आधी सरकारी घटस्फोट घेऊन या, असेच सांगतात. ते योग्य आहे. तडजोडीची आशा संपली हे त्यातून दिसते आणि १९९६ सारखा प्रसंग टळतो. म्हणजे त्याच त्या दुःखाची कहाणी बाईने दोनदा सांगायची, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून. तालुक्याच्या वकिलाला मारहाणीच्या तारखा हव्यात. धर्मन्यायालयाला लग्नाआधीचा साखरपुडा, मागणी कोणी घातली, मुलीला विचारले होते का, हे हवे. दुसऱ्या प्रश्नांची उत्तरे आमच्या भागात अनेकदा फार बोलकी असतात. सोळा-सतराव्या वर्षी उरकलेल्या लग्नात होकार कोणाचा होता, हे सरकारी न्यायालयात सहसा कोणी विचारत नाही.

निकाल पक्का झाला की धर्मन्यायालय तो त्या त्या धर्मग्रामाला कळवते, आणि धर्मगुरू विवाहाच्या नोंदवहीत तर लिहितातच, पण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही लिहितात. कॅथलिक माणसाचा सगळा जन्म तिथे एका ओळीत असतो: बाप्तिस्मा, दृढीकरण, मग समासात लग्न. त्याच समासात, लग्नाच्या नोंदीशेजारी, ते लग्न नव्हते अशी नोंद बारीक अक्षरात होते. पुन्हा लग्न करायचे म्हणून ती बाई बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागायला जाते, तेव्हा धर्मगुरू आधी तो समास वाचतात.