उघड्यावरील वाहनदुरुस्ती

उघड्यावरील वाहनदुरुस्ती म्हणजे गॅरेज, शेड किंवा दुरुस्तीचा खड्डा उपलब्ध नसताना वाहनमालकाने अंगणात, सोसायटीच्या आवारात अथवा रस्त्याच्या कडेला स्वतः केलेली वाहनाची देखभाल व दुरुस्ती होय. चाक बदलणे, इंजिन ऑइल बदलणे, एअर फिल्टर व स्पार्क प्लग साफ करणे, बॅटरी बदलणे ही कामे सामान्यतः या प्रकारे केली जातात.

महाराष्ट्रातील प्रथा

पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या चेतक स्कूटरमुळे ही सवय मध्यमवर्गीय घरांत रुजली. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावे लागे. त्यामुळे प्लगवर काजळी साचून गाडी बंद पडे. प्लग-पाना, पॉलिश पेपर आणि जुने फडके एवढ्या साहित्यावर हा दोष जागेवरच दूर होत असे. पुढचे व मागचे चाक सारखेच असल्याने एकच स्टेपनी दोन्हीकडे चाले.

जॅकचा वापर

या दुरुस्तीतील सर्वांत गंभीर धोका जॅक सरकून वाहन अंगावर येण्याचा असतो. वाहनासोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. गाडीखाली काम करायचे असल्यास पोलादी जॅक स्टँडचा आधार आवश्यक असतो. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखाली अचानक फुटतात, म्हणून ते आधारासाठी अयोग्य होत.

जागा सपाट व टणक असावी लागते. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात किंवा ओल्या मातीत जॅक रुततो. अशा ठिकाणी त्याखाली जाड फळी ठेवतात. हँडब्रेक ओढून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावले जातात. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वी सैल करतात व बसवताना समोरासमोरील नट आळीपाळीने आवळतात. गाडी खाली घेतल्यावर ते पुन्हा घट्ट केले जातात.

हवामान

मोकळ्या हवेत पेट्रोलची वाफ व कार्बन मोनॉक्साइड साचून राहत नाही, हा उघड्यावरील कामाचा लाभ होय. तथापि पेट्रोलजवळ विडी-सिगारेट वा ज्योत वर्ज्यच असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणून पावसाळी दिवसांत ब्रेकचे काम टाळणे इष्ट मानले जाते. बॅटरी काढताना ऋण टोक प्रथम सोडवतात व जोडताना ते शेवटी जोडतात.

पर्यावरण व कायदा

वापरलेले इंजिन ऑइल गटारात किंवा मातीत ओतल्यास पाणी व जमीन प्रदूषित होते. भारतात २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. असे तेल झाकणाच्या डब्यात साठवून ते स्वीकारणाऱ्या सेवा केंद्राकडे देणे योग्य ठरते. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असल्याने सांडलेले कूलंट मुले व पाळीव जनावरे यांना अपायकारक असते.

सार्वजनिक रस्त्यावर इतरांना धोका वा अडथळा होईल असे वाहन उभे ठेवण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार मनाई आहे.

मर्यादा

ब्रेक, स्टीअरिंग व एअरबॅग यांतील बिघाड, तसेच विद्युत वाहनांतील उच्च दाबाची यंत्रणा ही प्रशिक्षित कारागिराची कामे समजली जातात.