ताटीआडचा धनुर्धर

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा हंगाम बहुतेक राज्यांत आधी धनुष्यबाणवाल्यांसाठी उघडतो, बंदूकवाल्यांची पाळी नंतर येते. त्या सुमारास शिकारीच्या दुकानांत एक वस्तू जोरात खपते. काळपट हिरव्या कापडाचा, छत्रीसारखा फटकन उघडणारा, चारी बाजूंना फटी असलेला छोटा तंबू. त्याला तिथे ग्राउंड ब्लाइंड म्हणतात. ब्रिटनमधले पक्षीनिरीक्षक अशाच आडोशाला हाइड म्हणतात. एका शब्दात नजर अडवण्यावर भर आहे, दुसऱ्यात लपण्यावर.

मराठीत याला शब्द नाही, असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही. शब्द आहे, जुना आहे आणि मराठी माणसाच्या कानावरून लहानपणीच गेलेला आहे: ताटी. मुक्ताबाईचे ‘ताटीचे अभंग’ आपण त्या नावानेच ओळखतो. ज्ञानेश्वर उद्विग्न होऊन आत बसले आणि ज्या दाराबाहेरून धाकट्या बहिणीने त्यांची समजूत काढली, ते दार म्हणजे ताटी, झोपडीला लावायचं झापाचं दार. प्राकृतात ‘तट्टी’ म्हणजे कुंपण. आपली ताटी, बैलगाडीच्या बाजूंना किंवा कुडाच्या भिंतीला लावतात तो बांबूच्या कामट्यांचा तट्ट्या आणि हिंदीतली टाटी-टट्टी ही सगळी एकाच घरातली मंडळी. कबीराने तर भ्रमालाच टाटी म्हटलं आणि ती ज्ञानाच्या वादळात उडवून लावली.

शिकारीशी याचं नातं हिंदीने जपलं आहे. ‘टट्टी की आड़ में शिकार खेलना’ हा तिथला रूढ वाक्प्रचार, आणि ‘धोखे की टट्टी’ म्हणजे मुळात ज्या पडद्याआडून शिकारी सावज टिपतो तो पडदा. पुढे अर्थ फसवणुकीकडे सरकला. याच शब्दाची आणखी एक वाट अशी की परसात तट्ट्याचा आडोसा करून केलेल्या शौचकूपालाही तेच नाव पडलं, आणि हिंदीत आज तोच अर्थ पहिल्यांदा आठवतो. एका चांगल्या शब्दाचं हे नुकसानच. मराठीत ‘ताटी’ हे रूप स्वच्छ राहिलं. त्याचं श्रेय मी मुक्ताबाईला देतो.

आता तो अमेरिकन तंबू जवळून पाहू. बंदूकवाला लांबूनही बार काढू शकतो. धनुष्यवाल्याला हरीण वीस-तीस यार्डांत यावं लागतं, आणि दोरी ओढताना कोपर मागे जातं ती हालचाल एवढ्या जवळून हरणाला दिसतेच. लाल-नारिंगी रंग त्याला नीट ओळखता येत नाहीत, हालचाल मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून आडोसा लागतो. कमी पैशांत तो घेणाऱ्याने कापडावर किती सुबक पानं छापली आहेत याला भुलू नये. आतलं अस्तर काळं आहे का, खिडकी उघडताना चेनचा आवाज होतो का, कापड उन्हात चमकतं का, आणि बसल्या जागी धनुष्य पूर्ण ताणलं तर त्याचं वरचं टोक छताला लागतं का, हे आधी पाहावं. आत काळोख हवा आणि पाठीमागची खिडकी बंद हवी, नाहीतर उजेडावर माणसाची आकृती उमटते. बाहेरच्या बाजूला कापडी पट्ट्या शिवलेल्या असल्या तर उत्तम. त्यांत त्याच रानातलं गवत आणि फांद्या खोवायच्या आणि हरणांना सवय व्हावी म्हणून तंबू काही दिवस आधीच उभा करायचा. फांद्या खोवल्या की त्या कारखान्यातल्या तंबूची पुन्हा ताटीच होते.

चालता आडोसाही असतो. आपल्याकडचे गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाच्या जवळ सरकत. युरोपात हेच काम घोड्याकडून करून घेत, त्यावरून इंग्रजीत ‘स्टॉकिंग हॉर्स’ आला आणि थेट राजकारणात गेला. १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्याविरुद्ध पक्षनेतेपदासाठी सर अँथनी मेयर उभे राहिले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना हेच नाव दिलं: मागे दुसरा कुणी दडलेला असावा, असा पुढे केलेला उमेदवार. मराठीत या अर्थाला आपण दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. इथे हत्यार बदललं आणि आडोशाच्या जागी खांदा आला.

‘पारध’ शब्दाची हेमचंद्राने दिलेली व्युत्पत्ती प्रसिद्ध आहे: संस्कृत ‘पापर्द्धि’, म्हणजे पापाची वाढ, त्याचं प्राकृत ‘पारद्धि’. हेमचंद्र बाराव्या शतकातला जैन आचार्य. मला तरी इथे व्याकरणापेक्षा अहिंसेचा ओढा जास्त दिसतो. ‘व्याध’ सरळ आहे. तो ‘व्यध्’, म्हणजे भोसकणे, या धातूवरून आला. ‘वेध’ त्याचाच भाऊ, म्हणून ताऱ्यांवर नजर लावणारी जागा ती वेधशाळा. आकाशातही मृग नक्षत्राच्या पोटातले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, असं आपण पोरांना दाखवतो.

ताटीच्या पलीकडे उभं असतं ते सावज. हा शब्द ‘श्वापद’चा वंशज, म्हणजे मुळात हिंस्र पशू. गुजरातीत सावज म्हणजे आजही सिंह. मराठीत मात्र ज्याच्यावर नेम धरला ते सावज, मग तो ससा असो नाहीतर ठगाच्या तावडीत सापडलेला भोळा माणूस.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला आता बंदी आहे. आडोसे मात्र राहिले. छायाचित्रकारांच्या आडोशाला मराठी निसर्गलेखनात ‘लपण’ म्हणतात. शब्द नेटका आहे, तो टिकावा. ‘मचाण’ तर कुठेच गेलेलं नाही. संस्कृत ‘मञ्च’च्या कुळातला हा शब्द, राजगडाच्या माच्यांचा सोयरा. शिकारी साहेबांनी तो इंग्रजीतही नेला. आता महाराष्ट्रातल्या जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवर वही घेऊन माणसं बसतात आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात.