ओल, दमटपणा आणि १२० टक्के

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका फ्रेंच तक्त्यात लाकडाची ‘ह्युमिदिते’ १२० टक्के दिसली. आर्द्रता शंभराच्या वर जाईलच कशी? छपाईची चूक समजून मी तो आकडा खोडला. चूक माझी होती. तुमची होऊ नये म्हणून या शब्दांचा थोडा इतिहास सांगतो.

इंग्रजीत ओलीसाठी मॉइस्ट, ह्युमिड, डॅम्प असे वेगवेगळे शब्द आहेत. ‘मॉइस्ट’ जुन्या फ्रेंचमधूनच इंग्रजीत गेला. त्याचं आजचं फ्रेंच रूप ‘म्वात’, पण ते मुख्यतः घामेजलेल्या तळहातांसाठी वापरतात. मातीतल्या ओलाव्याला तो शब्द चालत नाही.

‘डॅम्प’ची गंमत वेगळीच. त्याचा जुना अर्थ वाफ किंवा वायू. जर्मनमध्ये ‘डाम्फ’ म्हणजे आजही वाफ. कोळशाच्या खाणीतला ‘फायरडॅम्प’ हा मुख्यतः मिथेन. १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत त्याचा स्फोट होऊन ९२ जण गेले, आणि १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने सुरक्षा-दिवा केला. इथे ओलीचा संबंधच नाही. फ्रेंचमध्ये या वायूला ‘ग्रिझू’ म्हणतात.

उरला ‘ह्युमिदिते’. हवा, माती, भिंत, लाकूड, सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. जिनीव्हाच्या सोस्यूरने १७८३ मध्ये आर्द्रतामापनावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. दमट हवेत माणसाचा केस लांबतो, यावर त्याचं उपकरण चालायचं. त्याच्या मापनपट्टीवर पूर्ण कोरडी हवा ०, संपृक्त हवा १००. हवेच्या बाबतीत आपल्या डोक्यात हेच शंभर बसलेलं असतं.

लाकडाचा हिशोब मात्र वेगळा. तिथे पाण्याच्या वजनाला कोरड्या लाकडाच्या वजनाने भागतात. १०० ग्रॅम कोरडं लाकूड आणि त्यात १२० ग्रॅम पाणी, म्हणजे १२० टक्के. ताज्या तोडलेल्या लाकडात असं असू शकतं.

आपण मराठीत हवेला दमट म्हणतो, मातीत ओलावा असतो आणि भिंतीला ओल येते. शब्दावरूनच वस्तू कळते. फ्रेंच वाचताना ती सोय नाही. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी बघा: काय मोजलंय, आणि कशाने भागलंय? ‘पद्धती’ या भागात ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. मी तो भाग वाचलाच नव्हता. वाचल्यावर तो आकडा गुपचूप परत तक्त्यात घातला.