पालकांची खुर्ची : अमेरिकेतील विशेष शिक्षणाचा एक न्यायालयीन इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या जुन्या कायद्याने शाळांना एक विलक्षण मुभा दिली होती. ज्या मुलाचे ‘मानसिक वय’ ५ वर्षांपर्यंत पोहोचलेले नाही, त्याला शाळा प्रवेश नाकारू शकत असे. मूल आईवडिलांचे, परंतु ते शिकू शकते की नाही, हे ठरविणार शाळा.

२/ जानेवारी १९७१ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांच्या राज्य संघटनेने याविरुद्ध दावा दाखल केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उभयपक्षी तडजोड झाली आणि १९७२ मध्ये न्यायालयाने तिला अंतिम मान्यता दिली. मुलांना मोफत शिक्षण मिळालेच. शिवाय मुलाचा वर्ग वा शाळा बदलण्यापूर्वी पालकांना नोटीस आणि सुनावणी देणे बंधनकारक झाले.

३/ १९७२ मध्येच वॉशिंग्टन शहरातील ‘मिल्स’ खटल्यात शिक्षण मंडळाने निधी अपुरा असल्याची सबब सांगितली. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी ती फेटाळली. निधी तोकडा असेल, तर त्याची झळ अपंग मुलांनाच अधिक बसता कामा नये, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

४/ अमेरिकन काँग्रेसने तेव्हा नोंदविलेले चित्र असे : देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुले, निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण नाही, १० लाख मुले सार्वजनिक शाळेबाहेरच. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

५/ या कायद्याचा कणा म्हणजे प्रत्येक मुलासाठीचा लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा. मूल आज कोठे आहे, वर्षभरात कोठे पोहोचावे, त्यासाठी शाळा काय देणार, हे त्यात लिहिलेले असते. तो बैठकीत तयार व्हावा आणि त्या बैठकीत शिक्षक व शाळेच्या प्रतिनिधीबरोबर पालकही असावेत, असे कायद्याने ठरविले. तपासणीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या आईला प्रथमच आत खुर्ची मिळाली.

६/ ही खुर्ची शोभेची राहू नये म्हणून तिला अधिकारांचे पाय जोडलेले आहेत. पालक मुलाच्या शालेय नोंदी पाहू शकतात. शाळेची तपासणी पटली नाही, तर स्वतंत्र तपासणी मागू शकतात. मुलाला ओळखणाऱ्या जाणकार व्यक्तीला बैठकीस आणू शकतात. त्यांच्या लेखी संमतीवाचून विशेष सेवा प्रथम सुरू करता येत नाहीत. मतभेद मिटला नाही, तर सुनावणी मागता येते. तोवर मूल सामान्यतः आहे त्याच व्यवस्थेत राहते.

७/ मात्र खुर्ची मिळाली म्हणजे म्हणणे मान्य झाले, असे नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील एमी राउली ही कर्णबधिर मुलगी. तिचे आईवडीलही कर्णबधिर. वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, ही त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये अमान्य केली. मुलीला शिक्षणाचा लाभ होत आहे, तेवढे पुरेसे, असा निष्कर्ष निघाला. तरीही त्याच निकालात न्यायालयाने मान्य केले की, आराखड्यातील मजकुराइतकेच महत्त्व काँग्रेसने पालकांच्या सहभागाला दिले आहे.

८/ ओहायोतील विंकलमन दांपत्याला मुलासाठी वकील परवडत नव्हता. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या कायद्याखालील हक्क एकट्या मुलाचे नाहीत, पालकांचेही स्वतंत्र हक्क आहेत. म्हणून ते वकिलाविना आपली बाजू स्वतः मांडू शकतात.

९/ कोलोरॅडोतील एंड्र्यू या स्वमग्न मुलाच्या आईवडिलांचे शस्त्र होते जुने कागद. पाचवीसाठीचा प्रस्तावित आराखडा मागील वर्षांच्या आराखड्यांसारखाच आहे, मूल जागचे हललेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २०१७ मध्ये एकमताने निकाल लागला : नाममात्र प्रगती पुरेशी नाही; मुलाची परिस्थिती लक्षात घेऊन त्याला साजेशी प्रगती साधणारा आराखडा हवा.

१०/ या इतिहासाचे सार असे की, सहभाग म्हणजे शेवटच्या पानावरची सही नव्हे. घरी मूल काय करते हे नोंदवून बैठकीत मांडणे, उद्दिष्ट मोजता येईल असे लिहून घेणे, गतवर्षीचा आराखडा यंदाच्या शेजारी ठेवून वाचणे आणि पटले नाही तर तसे लेखी कळविणे, हा खरा सहभाग. १९७१ मध्ये पालकांनी न्यायालयात मागितले होते तेही हेच : मुलाविषयीचा निर्णय आपल्याला ऐकून घेतल्यावाचून होऊ नये.