टोले मोजणारं घड्याळ

गेल्या वर्षी न्यू जर्सीत मेहुण्यांबरोबर एक सकाळ गोल्फच्या मैदानावर काढली. मला खेळ येत नाही. मी नुसता बघ्या. अठरा खळगे संपले तेव्हा त्यांच्या कार्डावर 94 टोले होते आणि मनगटावरच्या घड्याळात 81. ताळा घेतला, तर घड्याळानं 20 टोले गाळले होते आणि न मारलेले 7 घातले होते. "मी कुठे उभा आहे ते याला कळतं हो, चेंडू मारला की नाही तेवढंच कळत नाही!" मेहुणे वैतागून म्हणाले.

त्यांच्या या वैतागात दोन वेगळ्या यंत्रांचा इतिहास आहे.

'कुठे' हा प्रश्न उपग्रहांनी सोडवला. जीपीएसचे 24 उपग्रह 1995 मध्ये पूर्ण क्षमतेनं कामाला लागले. पण अमेरिकन लष्कर नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं चुकू शके. मे 2000 मध्ये ही भेसळ थांबली. आज उघड्या आकाशाखाली चूक पाचेक मीटरची असते. दीडशे मीटरच्या टोल्याला ती चालून जाते.

'मारला का' हे मात्र उपग्रहाला दिसत नाही. ते मनगटाच्या हालचालीवरून ओळखायचं. या घराण्यातलं जुनं यंत्र म्हणजे पावलं मोजणारं. जपानमध्ये 1965 साली 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, बाजारात आलं. 1990च्या दशकात मोटारींतल्या एअरबॅगसाठी सिलिकॉनवर चिमुकले त्वरणमापक बनू लागले. त्यात सूक्ष्म स्प्रिंगांवर एक इवलंसं वजन टांगलेलं असतं. धक्क्यानं ते सरकलं की विद्युतधारिता बदलते. हेच मापक स्वस्त होत होत मनगटावर आले.

गोम इथेच आहे. दहा हजार पावलांत पन्नास चुकली तर कोणाचं काय बिघडलं? एअरबॅगला तर एकच जबरदस्त धक्का ओळखायचा असतो. गोल्फमध्ये सगळे मिळून टोले शंभराच्या आसपास, आणि प्रत्येकाची किंमत सारखी. त्यात 72 टोल्यांच्या प्रमाण मैदानावर 36, म्हणजे निम्मे, चेंडू खळग्याकडे हलकेच ढकलण्यासाठी धरलेले. तेव्हा मनगट जेमतेम हलतं. उलट सरावासाठी हवेत फिरवलेली काठी थेट खऱ्या टोल्यासारखी. फरक फक्त चेंडूच्या स्पर्शाचा, आणि तो टिकतो सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. घड्याळ सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल, तर दोन नोंदींच्या मध्ये असे वीस स्पर्श मावतील! त्याला सापडते ती काठीतून हातात आलेली थरथर. (मुलांना डोळे मिटून शेजाऱ्याचं मनगट धरायला सांगा; त्यानं गोटी टोलवली की नुसतंच बोट उडवलं, हे ओळखता येतं का पाहा.)

टोला गळला की नुसती बेरीज चुकत नाही. घड्याळ लांबी मोजतं ती एका टोल्याच्या जागेपासून पुढच्या टोल्याच्या जागेपर्यंत. मधला गळला की दोन टोल्यांचा एकच लांबलचक टोला होतो. मेहुण्यांची एक काठी अशीच घड्याळात भलतीच पराक्रमी ठरली होती. तिच्यावर विसंबून त्यांनी त्या दिवशी चेंडू तळ्यात घातला.

काही उत्पादकांनी प्रत्येक काठीच्या टोकाला संवेदक बसवले. त्यानं काठी कोणती हे कळतं. सरावाचा झोका तरीही फसवतोच. मेहुणे आता खळगा किती दूर आहे एवढंच घड्याळाला विचारतात. टोले पेन्सिलीनं लिहितात.